शेवटच्या वर्षावर हक्क कुणाचा?

गेल्या महिन्यात लेकीनं जेवणाच्या टेबलावर शाळेचा एक कागद आणून ठेवला. इयरबुकची मागणी, कॅप-गाऊनची मापं, अंगठी हवी असेल तर तिचा तक्ता, सगळं त्या एकाच कागदावर. ती बारावीत आहे. इथे त्याला सीनियर इयर म्हणतात, आणि ते दोन शब्द उच्चारताना इथल्या मुलांचे चेहरे उजळतात. माझी बारावी सांगलीत झाली. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि दिवाळीनंतर घरातला टीव्ही बंद. हॉलतिकिटावरचा सोडला तर त्या वर्षाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्यामुळे कागद बघताच माझ्या तोंडून निघून गेलं, "फोटोंच्या पुस्तकाला एवढे पैसे? त्यापेक्षा अभ्यासाचं बघ." लेक काही बोलली नाही. कागद उचलून खोलीत गेली.

ते बोलणं मला मागे घ्यायचंय, आणि नुसतं घरात मागे घेऊन भागणार नाही असं वाटलं म्हणून हा लेख.

आम्ही आर्कान्सॉ राज्यात राहतो, बेंटनविलला. इथे आता मराठी घरं बरीच आहेत. गणपतीला हॉल अपुरा पडतो. आमच्यासारखे बहुतेक जण नोकरीसाठी आले आणि शाळेचं मानांकन बघून घरं घेतली. इथल्या जुन्या रहिवाशांशी गप्पा मारताना एक गोष्ट हमखास ऐकू येते : आमच्या वेळच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५० च्या दशकातली हायस्कूल. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, सामन्याआधी बँड, होमकमिंगची म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताची मिरवणूक, वसंतात प्रॉम हा नाचाचा समारंभ, मे महिन्यात गाऊन घालून पदवीदान, आणि शेवटच्या आठवड्यात एकमेकांच्या इयरबुकात लिहिलेले निरोप. ते सांगताना ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज कापतो. मला त्यांची ही आठवण खोटी वाटत नाही. पण हल्ली शाळांचं धोरण ठरवताना, निवडणुकीच्या भाषणांत, पालकांच्या सभांत "तेव्हासारख्या शाळा परत आणू" असं म्हटलं जातं, तेव्हा विचारावं लागतं की ते वर्ष तेव्हा कुणाकुणाच्या वाट्याला आलं होतं.

आधी त्या शाळांचं मोठेपण मान्य करायला हवं. १९१० साली अमेरिकेत हायस्कूल पूर्ण करणारी मुलं दहातलं एकही धड नव्हतं. १९४० च्या सुमारास निम्मी मुलं पूर्ण करू लागली, आणि १९५० च्या दशकात तो आकडा आणखी चढला. हे घडलं ते गावागावातल्या लोकांनी घरपट्टीसारखा कर स्वतःवर बसवून घेतला म्हणून. शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टरची मुलगी, गॅरेजवाल्याचा पोरगा एकाच इमारतीत चार वर्षं बसू लागले. बँड, नाटक, वार्तापत्र, खेळ हे सगळं त्याच करातून आलं. ज्याला आपण सहज "अभ्यासाबाहेरचं" म्हणतो, ते तिथे शाळेचं अर्धं अंग होतं. वेगवेगळ्या घरांतली मुलं गणिताच्या तासाला फार तर शेजारी बसतात. एकमेकांची होतात ती सामन्याच्या बसमध्ये, नाटकाच्या तालमीत. शेवटचं वर्ष म्हणजे या सगळ्याचं पीक हाती येण्याचं वर्ष.

लिटल रॉकची सेंट्रल हायस्कूल आमच्या घरापासून गाडीनं साडेतीन तासांवर. कागदावरून कुरबूर झाली त्याच्या पुढच्याच शनिवारी आम्ही तिघं तिथे गेलो. शाळा आजही चालू आहे आणि राष्ट्रीय स्मारकही आहे. समोरच्या कोपऱ्यावरचा जुना पेट्रोलपंप पूर्वीसारखा दुरुस्त करून ठेवलाय. इमारत १९२७ सालची. तेव्हा पंधरा लाख डॉलर म्हणजे एका शाळेसाठी अफाटच रक्कम, ती लिटल रॉकनं खर्च केली होती. देशातली सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचं कौतुक झालं. दोन्ही बाजूंनी वर चढणारे रुंद जिने, आणि मुख्य दारावर चार मूर्ती : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. लेक बराच वेळ मान वर करून त्या बघत उभी होती. मग म्हणाली, "आई, यांच्याच खालून आत जाऊ दिलं नाही ना?"

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रलमध्ये दाखल व्हायला गेली आणि गव्हर्नर ओरव्हल फॉबस यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, उभे करून त्यांना अडवलं. एलिझाबेथ एकफर्ड ही मुलगी घरात फोन नसल्यामुळे निरोप न मिळून एकटीच पोचली, आणि जमावातून चालतानाचा तिचा फोटो जगभर गेला. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे १,२०० सैनिक धाडले. २५ सप्टेंबरला नऊ मुलं सैनिकांच्या कड्यात पायऱ्या चढून आत गेली. इथवरची कथा शाळेच्या पुस्तकात असते. ती पायऱ्यांवर संपते, आणि माझा मुद्दा पायऱ्यांच्या आत सुरू होतो.

त्या नऊ जणांत बारावीचा एकच होता, अर्नेस्ट ग्रीन. आधीच्या शाळेत, होरेस मानमध्ये, तो टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. सेंट्रलमध्ये येताना नऊही मुलांना अट होती : तासांना बसायचं, बँड नाही, खेळ नाहीत, क्लब नाहीत, नाटक-गाणं नाही. मिनीजीन ब्राउन या मुलीला गाण्याची फार हौस. तिला शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात उभं राहू दिलं नाही. डिसेंबरात उपाहारगृहात मुलं खुर्च्या मध्ये सरकवून तिची वाट अडवत राहिली आणि तिच्या हातच्या ट्रेमधली चिली, म्हणजे तिखट रस्सा, दोघांच्या अंगावर सांडली. निलंबन तिचं झालं. फेब्रुवारीत तिला काढूनच टाकलं, आणि शाळेत चिठ्ठ्या फिरल्या : एक गेली, आठ राहिले. सैनिकांना वर्गात, स्वच्छतागृहात, कपडे बदलण्याच्या खोलीत जायला परवानगी नव्हती; त्रास तिथेच व्हायचा. नोव्हेंबर संपता संपता तेही सैनिक परत गेले आणि राखणीला गार्डच उरले.

कायद्याच्या नजरेनं अर्नेस्टला प्रवेश मिळाला होता. पण जी शाळा गोरी मुलं जन्मभर आठवणार होती, ती त्याला दिलीच नव्हती. त्याला खुर्ची दिली आणि वर्ष काढून घेतलं. ज्यांनी ही अट घातली त्यांना नेमकं ठाऊक होतं की शाळेचा जीव कशात असतो. आपण पालक मात्र त्यालाच "वेळेचा अपव्यय" म्हणतो. शांततेसाठी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी, असं कारण तेव्हा दिलं गेलं. मला ते पटत नाही. तासाला शेजारी बसलेला मुलगा बँडमध्ये शेजारी बसला असता तर धोका कशाचा होता? धोका एकच, की वर्षअखेर तो मित्र झाला असता.

२७ मे १९५८ च्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पदवीदान झालं. ६०२ मुलं. अर्नेस्टच्या घरच्यांबरोबर एक तरुण धर्मोपदेशक बसला होता, मार्टिन ल्यूथर किंग. नावं पुकारली जात होती आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. अर्नेस्ट ग्रीन हे नाव आलं आणि मैदान गप्प झालं. टाळ्यांची मला गरजच नव्हती, मी पार पडलो होतो, अशा अर्थाचं त्यानं पुढे अनेकदा सांगितलंय. मोठ्या मनाचं बोलणं आहे ते. पण सोळा वर्षांच्या मुलानं सबंध वर्ष एकट्यानं काढावं आणि शेवटच्या दिवशी हजारोंच्या गर्दीत त्याच्यासाठी टाळी वाजवणारे हात घरच्यांचेच असावेत, याची भरपाई त्याच्या मोठेपणानं होत नाही.

यानंतर जे घडलं ते पुष्कळांना माहीत नसतं. मलाही इथे बारा वर्षं राहून माहीत नव्हतं.

१९५८ च्या सप्टेंबरात न्यायालयानं पुन्हा बजावलं की शाळांत गोऱ्या-कृष्णवर्णीय मुलांचं एकत्रीकरण पुढे ढकलता येणार नाही. त्याच दिवशी गव्हर्नरांनी नव्या कायद्याच्या बळावर लिटल रॉकच्या चारही हायस्कूल बंद करायचा हुकूम काढला : सेंट्रल, हॉल, टेक्निकल आणि कृष्णवर्णीयांची होरेस मान. २७ सप्टेंबरला शहरानं मतदान केलं. सगळ्या शाळांत असं एकत्रीकरण करण्याच्या बाजूनं ७,५६१ मतं, विरोधात १९,४७०. शहरानं आपल्याच पोरांच्या शाळेला, देशातल्या सर्वांत सुंदर शाळेला, आपल्या हातानं कुलूप घातलं. ३,६६५ मुलं वर्षभर बाहेर राहिली. काही दिवस टीव्हीवरून धडे दिले गेले. कुणी आजूबाजूच्या गावांत गेलं, कुणी परराज्यात मावशी-आत्याकडे, कुणी पत्राद्वारे अभ्यास केला, कुणी सैन्यात भरती झालं, कुणी लग्न केलं. गोऱ्या मुलांसाठी एक खासगी शाळा घाईघाईनं निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या वर्षी कुठलीच शाळा मिळाली नाही. शिक्षकांचे करार झालेले होते, म्हणून ते रोज येऊन रिकाम्या वर्गात बसायचे.

फुटबॉल मात्र चालू राहिला. शाळा बंद, वर्ग बंद, प्रयोगशाळा बंद, आणि सेंट्रलचा संघ आपल्या गणवेशात सामने खेळतोय. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुन्हा वाचलं. ज्या शुक्रवारच्या रात्रींच्या आठवणी काढून लोक गहिवरतात त्यातली ही एक रात्र. लोकांना शाळेच्या आठवणी हव्या होत्या, शाळा नको होती. पण तशा आठवणी टिकत नाहीत. १९५९ सालच्या सीनियर वर्गाला ना प्रॉम मिळाला, ना पदवीदान, ना पुढे एकत्र जमायला एक शाळा. "आपल्या" मुलांचं वर्ष वाचवायला म्हणून मोठ्यांनी जे केलं, त्यात त्या मुलांचंही वर्ष गेलं. लोक याला हरवलेलं वर्ष म्हणतात. हरवलेलं म्हटलं की कुणाचा दोष उरत नाही. ते वर्ष १९,४७० मतांनी घालवलेलं आहे.

"तो काळच तसा होता," असं यावर सांगितलं जातं. त्याला आमच्याच भागातलं उत्तर आहे. बेंटनविलपासून अर्ध्या तासावर फेटव्हिल आहे. तिथल्या शाळा मंडळानं १९५४ च्या मे महिन्यात, निकालाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, कृष्णवर्णीय मुलांना हायस्कूलमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि त्याच सप्टेंबरात मोजकी मुलं आत आली. सैन्य लागलं नाही. त्याआधी गावात त्या मुलांसाठी हायस्कूलच नव्हती. पैसे खर्चून त्यांना फोर्ट स्मिथ आणि हॉट स्प्रिंग्जला पाठवावं लागे. ते पैसे वाचवणं हेही एक कारण होतं, आणि ते त्यांनी उघड सांगितलं. फेटव्हिलची माणसं देवमाणसं होती असं मी म्हणत नाही. पण तेच राज्य, तोच गव्हर्नरांचा पक्ष, तीन वर्षं आधी, आणि ते झालं. तेव्हा काळाला दोष देऊन सुटता येत नाही. दोन गावांनी दोन निर्णय घेतले.

लिटल रॉकमध्येही निर्णय पालटला तो तिथल्याच लोकांनी. मतदानाच्या अकरा दिवस आधी काही गोऱ्या बायका एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात जमल्या. ॲडॉल्फीन फ्लेचर टेरी तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. शाळा उघडण्यासाठी त्यांनी समिती केली, घरोघर फोन केले, पत्रकं वाटली. त्या मतदानात हरल्या आणि थांबल्या नाहीत. समितीत कृष्णवर्णीय बायकांना घेतलं नव्हतं, ही त्यांची मोठी उणीव, आणि तीही सांगितली पाहिजे. मे १९५९ मध्ये मंडळाच्या कडव्या सदस्यांनी ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना एका दमात काढायला घेतलं तेव्हा शहर जागं झालं. २५ मेच्या मतदानात त्या तिघा सदस्यांना लोकांनी घरी बसवलं. जूनमध्ये न्यायालयानं शाळाबंदीचा कायदा रद्द केला, ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. नऊपैकी दोघं, कार्लोटा वॉल्स आणि जेफरसन थॉमस, सेंट्रलमध्ये परत आले आणि १९६० मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच फेब्रुवारीत कार्लोटाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला होता.

आता आजचा प्रश्न. १९५८ च्या त्या कायद्यांच्या जोडीला आणखी एक तरतूद होती : विद्यार्थ्यामागचा सरकारी पैसा तो जाईल त्या शाळेकडे, खासगी शाळेकडेसुद्धा, जाईल. न्यायालयानं तीही रद्द केली. २०२३ मध्ये आर्कान्सॉनं नवा शिक्षण कायदा केला, आणि २०२५-२६ पासून राज्यातल्या कुठल्याही मुलाला सरकारी पैसा घेऊन खासगी शाळेत किंवा घरच्या शिक्षणाकडे जाता येतं. हे दोन कायदे सारखे आहेत असं मी म्हणणार नाही. आज कुणाला वर्णावरून अडवलं जात नाही, आणि खरोखर गरज म्हणून मूल हलवणारे पालक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या समजुतीशी, की शाळा म्हणजे प्रत्येक घरानं आपापला वाटा उचलून न्यायची शिधापिशवी. शिधा नेता येतो. बँड नेता येत नाही. ज्या शाळेतून शे-दोनशे मुलं आणि त्यांच्यामागचा पैसा निघून जातो तिथे आधी नाटकाचा शिक्षक जातो, मग वार्तापत्र बंद पडतं. मागे राहणारी मुलं कोण असतात ते सांगायला नको. त्यांना पुन्हा तासांची खुर्ची मिळते, वर्ष मिळत नाही.

आणि आपण मराठी लोक यात बाहेरचे नाही. ज्या चळवळीत ही नऊ मुलं होती तिच्या रेट्यातून १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी वंश-देशांचे जुने कोटे मोडणारा स्थलांतराचा कायदा. त्या दारातून आपले काका-मामा इथे आले, त्यांच्यामागून आपण. माझ्या लेकीचा फोटो इथल्या इयरबुकात छापला जातो, तिच्या नावाला टाळ्या पडतात, हे अर्नेस्ट ग्रीनच्या शांततेवर उभं आहे. असं असताना आपल्या गटांत "सरकारी शाळेत कसली कसली मुलं येतात" असं कुणी लिहितं आणि खाली अंगठे उमटतात, तेव्हा मला लाज वाटते.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची गोष्ट याहून कठोर आहे. तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये १८० मुलांच्या जागेत साडेचारशे कोंबलेली, जादा वर्ग डांबरी कागदाच्या खोपट्यांत. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं सगळ्या शाळेला बाहेर काढून संप केला, आणि तो खटला पुढे १९५४ च्या निकालाचा भाग झाला. काउंटीनं उत्तर दिलं १९५९ मध्ये : सगळ्या सरकारी शाळा बंद. एक वर्ष नाही, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना चर्चच्या लोकांनी दुसऱ्या राज्यांत पाठवलं, बाकीची शेतावर गेली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा उघडायला लावल्या. तोवर १९५९ ला बारावीत जाणार होती ती मुलं तेवीस वर्षांची झाली होती.

२००३ मध्ये त्याच काउंटीनं त्यांना मानद पदविका दिल्या. पन्नाशी-साठीतली माणसं आली. त्या कागदानं त्यांना नोकरी मिळणार नव्हती, गेलेली वर्षंही परत येणार नव्हती. तरी ती आली, त्यांची नावं पुकारली गेली. शाळेचं शेवटचं वर्ष ही चैन आहे असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी ही माणसं कशासाठी आली असतील ते मला सांगावं.

लिटल रॉकहून परतताना लेक मागच्या सीटवर झोपली होती. कागदाची मुदत सोमवारी होती. रविवारी रात्री मी तिची मापं लिहिली, इयरबुकच्या चौकोनात खूण केली. तिच्या वर्गात अशी घरं आहेत जिथे हा कागद दप्तरातून बाहेरच येत नाही, कारण मुलाला उत्तर माहीत असतं. तेवढ्या प्रती शाळेनं स्वतःच्या खर्चानं द्याव्यात, असा अर्ज आम्ही चौघींनी केला आहे. पुढच्या मंगळवारी शाळा मंडळाची बैठक आहे. बोलायला प्रत्येकीला तीन मिनिटं मिळतात. बैठक संध्याकाळी सहाला सुरू होते आणि मागच्या रांगा बहुतेक रिकाम्या असतात; आपल्यापैकी जे इथे राहतात त्यांनी यावं.